सातही बाटल्या

पाळकसाहेबांचा प्रश्न अर्ध्यावर आला होता, तेवढ्यात त्याने "होय" म्हणून टाकलं. गोष्ट म्हटली तर काहीच नव्हती. रविवारी मंडळीचे सेवक म्हणून तिघांची नेमणूक व्हायची होती आणि बुधवारी संध्याकाळी रिकाम्या प्रार्थनामंदिरात तिची तालीम चालली होती. कोणी कुठून यायचं, गुडघे कधी टेकायचे, उत्तर कधी द्यायचं, एवढंच. प्रश्न एकच होता, पण लांबलचक होता. ही सेवा तुम्ही जिवाभावाने, काही हातचं न राखता, माणसांची भीड न धरता पत्कराल काय? 'जिवाभावाने'पाशी पाळकसाहेब श्वास घ्यायला थांबले आणि याचा होकार निघून गेला, चांगला खणखणीत. बाकीचे दोघे, एक टपाल कचेरीतून निवृत्त झालेले आणि एक चष्म्यांचे दुकानदार, हसले. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई हसल्या. पाळकसाहेबही हसले आणि म्हणाले, इतका तयारीचा माणूस आजवर पाहिला नव्हता. मग त्यांनी प्रश्न पहिल्यापासून विचारला. या वेळी त्याने तो कान देऊन शेवटपर्यंत ऐकला आणि उत्तराची वेळ आली तेव्हा 'होय' म्हणायचं टाळलं. त्याने मान हलवून वेळ मारून नेली. तालीमच होती, कोणी मनावर घेतलं नाही.

त्याने मात्र घेतलं. घराकडे चालताना त्याला राहून राहून वाटत होतं की आपल्या तोंडून कोणीतरी दुसराच बोलला, आणि तो दुसरा आपल्या चांगला ओळखीचा आहे. प्रश्न पुरा व्हायच्या आत होकार देण्याचा त्याला सराव होता. पाणीखात्याच्या प्रयोगशाळेचा तो एकोणीस वर्षं प्रमुख होता. सगळे त्याला सर म्हणत आणि वरून आलेल्या कुठल्याही कागदावर सरांची सही किती पटकन होते याचं खात्यात कौतुक होतं. कागद पुरा वाचला की अडचणी दिसतात. न वाचता सही केली की माणूस सोज्ज्वळ राहतो, असं काहीसं त्याचं ठरून गेलं होतं. कोपऱ्यावर एक बाई सार्वजनिक नळाखाली बाटली धरून उभी होती. भरली तशी तिने ती तोंडाला लावली आणि अर्धी संपवली. त्याने मान दुसरीकडे वळवली आणि रस्ता ओलांडला.

शहराच्या पाण्याच्या पाच उंच टाक्या आणि दोन लांबच्या टोकाचे नळ, असे सात नमुने दर मंगळवारी घ्यायचे असत. प्रयोगशाळेच्या प्रमुखाने ते स्वतः जाऊन, टाकीवर चढून, झाकण उघडून घ्यायचे असा नियम होता. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असला की गुलाबी रंग चढतो. किती चढला ते तक्त्याशी ताडून आकडा लिहायचा आणि खाली सही. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तो पाच नंबरच्या टाकीची लोखंडी शिडी चढायला गेला आणि निम्म्यावर त्याचे पाय थिजले. खाली पाहवेना, वर पाहवेना. गजाला कवटाळून तो पाव तास तसाच राहिला. शेवटी पंपावरचा म्हातारा वर आला आणि त्याच्या टाचा एकेक करून हाताने खालच्या गजावर ठेवत त्याने त्याला उतरवलं. म्हातारा भला माणूस होता. कोणाला बोलला नाही आणि दोन वर्षांनी वारलाही. पुढच्या मंगळवारी त्याने सातही बाटल्या प्रयोगशाळेतल्या बेसिनच्या नळाखाली भरल्या. या आठवड्यापुरतं, असं तो स्वतःला म्हणाला. ते पाणी शुद्धीकरणाच्या टाक्यांतून थेट येई आणि नेहमीच उत्तम असे. पहिल्या खेपेला सातही आकडे एकसारखे आले आणि त्याच्या आधीचे प्रमुख निरोपाचा चहा पिता पिता कागद पाहून गालात हसले, म्हणाले, थोडे खाली-वर करत जा, सारखेच कसे येतील. म्हणजे त्यांनाही ही वाट ठाऊक होती. मग तो शिकला. क्लोरीन लांब जाताना विरत जातो, म्हणून टोकाच्या नळांना कमी लिहायचं, जोराच्या पावसानंतर सगळीकडे थोडं कमी, उन्हाळ्यात आणखी कमी. आपले खोटे आकडे खऱ्यापेक्षा जास्त पटण्यासारखे असतात याचा त्याला मनातून अभिमान वाटे. अशा गोष्टीचाही अभिमान वाटू शकतो माणसाला.

प्रयोगशाळेत त्याच्या हाताखाली एक मुलगी होती. तिला लागून तीन वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कोणी आलंच नसल्यामुळे सगळे तिला अजून 'नवी' म्हणत. दोन आठवड्यांपूर्वी पाच नंबरच्या रखवालदाराने तिला सहज सांगितलं की वादळात टाकीचं झाकण सरकलंय. त्या मंगळवारी दुपारच्या सुट्टीत ती कोणाला न विचारता गेली, ओढणी कमरेला बांधून शिडी चढली. पाण्यावर तीन मेलेली कबुतरं तरंगत होती. तिने बाटली भरून आणली आणि त्याच्या देखत नळीत थेंब टाकले. रंग चढलाच नाही. नळी काचेसारखी कोरी राहिली. ती म्हणाली, "सर, शून्य आहे." त्याच टेबलावर, त्याच दिवसाचा, पाच नंबरचा त्याचा आकडा सहीनिशी पडला होता, पॉइंट तीन. त्याने तिला सांगितलं की बाटली नीट उकळलेली नसेल. तिने आपला अहवाल लिहिला आणि मोठ्या साहेबांकडे दिला. मोठ्या साहेबांनी ती टाकी नुकतीच दुरुस्त करून घेतली होती. त्यांच्यापुढे दोन कागद होते आणि त्यांनी त्यांना सोयीचा तो उचलला. चार दिवसांनी त्या भागातली मुलं उलट्या-जुलाबांनी आजारी पडू लागली. खात्याने शाळेतल्या खाण्यावर बोट ठेवलं आणि नवीवर ठपका आला: नियमाबाहेर नमुना घेतला, निष्काळजीपणे घेतला, लोकांत घबराट पसरवली. शुक्रवारी चौकशी होती. तिची नोकरी जाणार हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं आणि ती ज्या कागदावर जाणार तो कागद त्याचा होता. त्याहून वाईट म्हणजे त्याच कागदाच्या भरवशावर पाच नंबरची टाकी अजून चालू होती. दिवसाला दोनदा भरत होती आणि दोनदा रिकामी होत होती.

बोलायचं म्हटलं की त्याला बाप आठवे. बाप शिक्षक होता. शाळेच्या विश्वस्ताचा नापास मुलगा पास करायला त्याने नकार दिला. एवढ्यावर थांबता तर निभावलं असतं, पण तो सकाळच्या प्रार्थनेत उभा राहिला आणि सगळ्या शाळेसमोर विश्वस्तांचं नाव घेऊन बोलला. देवापुढे अर्धं बोलता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. महिन्याच्या आत नोकरी गेली, नोकरीबरोबरचं घर गेलं. प्रार्थनामंदिरामागच्या एका खोलीत पाच माणसं राहू लागली. तिथे एकच खिडकी होती आणि ती भिंतीसमोर उघडे. आई लोकांचे कपडे शिवायची. थोरल्या ताईची शाळा चौदाव्या वर्षी सुटली आणि ती धुलाईच्या दुकानात इस्त्री करायला जाऊ लागली. तिच्या मनगटावर डाग पडले ते अजून आहेत. आणि बाप पहाटे उठून गात असे. त्याच्या आवाजात जराही खंत नव्हती. त्या गाण्याची त्याला जितकी चीड येई तितकी कशाचीच आली नाही. आई एकदाच बोलली, सुईत दोरा ओवता ओवता, कोणाकडे न बघता. "त्यांचं मन भरलं. भोगायला आपण आहोतच." तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याने ठरवलं की देव मानायचा, उपासनेला जायचं, दान टाकायचं, पण बसायचं दाराजवळच्या बाकावर. तेव्हापासून तो कुठेच पुरा शिरला नाही. कवायतीत मागे, नोकरीत मध्ये, लग्नात गप्प. लोक त्याला समंजस म्हणत. मंडळीने सेवकपदासाठी त्याचं नाव काढलं तेही एवढ्याचसाठी की त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

गुरुवारी मोठे साहेब स्वतः प्रयोगशाळेत आले. असे ते कधी येत नसत. नवी आतल्या खोलीत काचा धूत होती आणि पाण्याचा आवाज येत होता. साहेब स्टुलावर बसले, त्याच्या मुलीच्या शिक्षणाची चौकशी केली, निवृत्तीला किती राहिलं ते विचारलं. दीड वर्ष, तो म्हणाला. साहेब म्हणाले, उद्या तुम्हाला फार काही बोलायचं नाहीये, कागद तुमचाच आहे एवढं सांगायचं. तो हो म्हणाला. साहेब गेल्यावर त्याला खोलीत हवा कमी वाटू लागली. खिडकी उघडायला गेला, तर ती कधीकाळी रंग देताना चौकटीला चिकटून बसलेली. एकोणीस वर्षांत ती उघडायचा प्रयत्नही त्याने केला नव्हता, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. दोन्ही तळव्यांनी त्याने ती रेटली. काच करकरली. आतून नवीने विचारलं, काय झालं सर. काही नाही, तो म्हणाला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. तिने त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. मंगळवारी सकाळी ती यायच्या आधीच बाटल्या भरून तयार कशा असतात, हे तिला इतकी वर्षं दिसलं नसेल असं थोडंच आहे. ती विचारती तर त्याला रागावता आलं असतं.

संध्याकाळी तो पाळकसाहेबांकडे गेला आणि म्हणाला की माझं नाव तूर्त मागे ठेवा. पाळकसाहेब बागेतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी झारी खाली ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. ते मायाळू होते, हीच पंचाईत होती. ते म्हणाले, ऐन वेळी सगळ्यांचेच पाय लटपटतात, माझेही लटपटले होते, आणि लायक कोण आहे आपल्यातला? क्षमा तर आधीच झालेली आहे. त्याला सांगायचं होतं की कशाची ते आधी विचारा. दर रविवारी तो सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणत आला होता की आम्ही पाप केलं. त्या 'आम्ही'त किती ऐसपैस जागा होती. दोनशे माणसं एकमेकांना खेटून उभी राहात आणि कोणाचा चेहरा म्हणून दिसत नसे. 'मी' म्हणायचं तर उभं कुठे राहायचं? पाळकसाहेबांनी डोळे मिटून त्याच्यासाठी छोटी प्रार्थना केली, त्याला धीर मिळावा म्हणून, आणि पाण्याची झारी पुन्हा उचलली. झारीतून पडणाऱ्या पाण्याकडे तो बघत राहिला. त्यांचं घर पाच नंबरवर नव्हतं, हा विचार त्याच्या मनात आला आणि आला याची त्याला शरम वाटली.

घरी बायकोने रविवारचा पांढरा सदरा इस्त्री करून दाराच्या खिळ्याला लावला होता. ती खुशीत होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, नवऱ्याला पुढच्या बाकावर बसलेलं ती पहिल्यांदाच पाहणार होती. मुलगी परिचारिकेचं शिकत होती, शेवटच्या वर्षाला होती. ती रुग्णालयातून उशिरा आली, हात धुऊन ताटावर बसली आणि दोन घास खाऊन थांबली. म्हणाली, मुलांच्या वॉर्डात आज एकोणीस जण झाले. एकाच भागातले. एका तीन वर्षांच्या मुलीची शीर सापडत नव्हती, चार वेळा टोचलं, ती रडायचीसुद्धा थांबली. बायको म्हणाली, जेवताना कशाला ते. मुलगी त्याच्याकडे वळली. "बाबा, डॉक्टर पाण्याचं विचारत होते. त्या टाकीचं पाणी तुम्ही तपासलंय ना?"

"होय," तो म्हणाला.

"बघा, मी तेच सांगितलं. माझे बाबा स्वतः तपासतात म्हटलं. मग ते म्हणाले, पाणी नसेल तर खाण्यातलंच काहीतरी असणार." आणि ती पुन्हा जेवू लागली, शांतपणे, कारण तिच्या मनातली एक शंका मिटली होती. त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. आजवर त्याचं खोटं कागदावर होतं, कपाटात होतं, त्याला कुलूप लावता येत होतं. आता ते मुलीच्या विश्वासावर बसून वॉर्डात खाटांमधून हिंडत होतं. बायकोने विचारलं, भाजीत मीठ जास्त झालंय का. तो म्हणाला, नाही, छान झालीय. ताटावरून उठायची त्याची छाती होईना आणि बसवतही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अंघोळीच्या खोलीत कडी लावून त्याने प्रार्थना केली. पण ती करताना तो घासाघीस करतो आहे हे त्याचं त्यालाच कळत होतं. नवीची नोकरी वाचावी, टाकी बंद व्हावी, ती पोरं बरी व्हावीत, पण माझं घर मोडू नये. एवढं एक माझ्याकडे राहू दे. वरून उत्तर येणार नाही हे त्याला माहीत होतं आणि तरी तो थोडा वेळ थांबला. मग चालता चालता त्याने एक वाक्य बेतलं. त्या मंगळवारी माझी प्रकृती ठीक नव्हती, म्हणून पाच नंबरचा नमुना मी वर चढून घेतला नाही. हे वाक्य चांगलं होतं. ते खरं होतं, निदान त्यात खोटं फार थोडं होतं. एवढ्यावर नवी सुटत होती, टाकी रिकामी होत होती, आणि त्याला फार तर ताकीद मिळाली असती. बापाने असं वाक्य कधी बेतलं नसतं. त्याला वाटलं, बापाला जमलं नाही ते मला जमतंय. खात्याच्या दारापर्यंत त्याने ते वाक्य पंधरा-वीस वेळा मनात म्हटलं.

चौकशी अधिकारी बाहेरच्या खात्यातून आलेल्या बाई होत्या, सर्दीने बेजार. लांब टेबलाच्या एका टोकाला त्या, शेजारी टंकलेखक, दुसऱ्या बाजूला मोठे साहेब. टेबलावर प्रत्येकापुढे विकतच्या पाण्याची सीलबंद बाटली होती. पाणीखात्याच्या बैठकीत हे नेहमीचंच होतं, कोणाला त्यात वावगं वाटत नसे. नवी भिंतीशी खुर्चीवर बसली होती, मांडीवर कागद घेऊन. तिने जे पाहिलं तेवढंच सांगितलं: झाकण, कबुतरं, कोरी नळी. सरांच्या आकड्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाली, ते मला माहीत नाही. मग बाईंनी त्याला विचारलं. तो उभा राहिला. त्याने टेबलाची कड धरली आणि आपलं वाक्य म्हटलं. ते जसंच्या तसं, एका दमात बाहेर पडलं.

मोठ्या साहेबांचा चेहरा उतरला आणि मग हळूहळू सावरला. त्यांनाही कळलं होतं की एवढ्यात निभावून नेता येईल. नवीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर त्याला उपकाराची जाणीव दिसायला हवी होती. तिथे काहीच नव्हतं. ती नुसती बघत होती, पुढचं ऐकायला थांबल्यासारखी. बाईंनी रुमालाने नाक पुसलं आणि फोन उचलून पाच नंबरची टाकी लगेच बंद करायला सांगितलं. काम झालं होतं. त्याला बसता आलं असतं. तो बसायला वाकलाही.

"म्हणजे हे फक्त त्याच दिवशी झालं," बाई टंकलेखकाला मजकूर सांगू लागल्या. "आणि फक्त पाच नंबरच्या बाबतीत. असंच ना, सर?"

"असंच, असंच," त्याच्याऐवजी मोठे साहेबच म्हणाले.

यंत्राची टकटक सुरू झाली. बाईंना सर्दी झाली होती, त्यांना लवकर घरी जायचं होतं, त्यांच्या आवाजात त्याच्याविषयी दुष्टावा नव्हता, उलट मोठेपणाच होता. सगळे जण त्याला दार उघडून देत होते. आणि त्याला स्पष्ट दिसत होतं की या दारातून गेलो तर आपण जन्मभर याच खोलीत राहू. उरलेल्या सहा ठिकाणी काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं. कदाचित सगळं ठीक असेल. ठीक असेल, असं म्हणतच एकोणीस वर्षं गेली होती. त्याला बायकोची भीती वाटली, मुलीची वाटली. मुलीची सर्वांत जास्त. देवाची मात्र त्या घटकेला वाटली नाही. आता तो काही मागत नव्हता.

"नाही," तो म्हणाला. टकटक थांबली. "फक्त त्या दिवशी नाही. सातही बाटल्या मी प्रयोगशाळेच्या नळावर भरतो. दर मंगळवारी. एकोणीस वर्षं. मी एकाही टाकीवर कधी चढलेलो नाही."

मोठे साहेब म्हणाले की सरांची तब्येत खरोखरच बरी दिसत नाही, त्यांना घरी पाठवू. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांनी रुमाल बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, हे लिहून घेतलं तर काय होईल याची कल्पना आहे ना तुम्हाला. तो म्हणाला, आहे, लिहा. आणि टंकलेखक लिहील तसा तो सांगत गेला, सावकाश: आकडे कसे खाली-वर करायचे, पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती. सुटल्यासारखं वगैरे काही वाटत नव्हतं. प्रत्येक वाक्याबरोबर त्याच्या घरातली एकेक वस्तू कोणीतरी बाहेर काढून ठेवत होतं. बाईंनी पुन्हा फोन उचलला आणि पाचही टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करायला सांगितले, सगळ्या शहराचे, तपासणी होईपर्यंत. पलीकडचा माणूस दोनदा विचारत होता, सगळ्या? सगळ्या, बाई म्हणाल्या. नवी उठली, तिने कपाटातून सात रिकाम्या बाटल्या काढल्या, खोक्यात मांडल्या आणि त्याच्याकडे न बघता निघून गेली.

सही करून तो बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसला. शिपायाने त्याला बसलेलं पाहिलं आणि दुसऱ्या बाजूने गेला. तासाभराने खिशात फोन वाजला. बायकोचा होता.

"अहो, नळाला पाणी नाही. शेजारी पण नाही. कपडे भिजवून ठेवलेत मी. तुम्हाला काही माहीत आहे का?"

"आहे," तो म्हणाला. "घरी आल्यावर सांगतो."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवायला लागली.

"थांब," तो म्हणाला. "ठेवू नकोस. आत्ताच सांगतो. पुरतं ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल. पोरगी आलीय का घरी? तिलाही बोलव."

मागे बादली सरकवल्याचा आवाज झाला. मुलगी म्हणाली, काय झालं आई, आणि बायको म्हणाली, कोणास ठाऊक, बाबांचा आहे, ये. मग दोघींचेही श्वास फोनवर ऐकू येऊ लागले आणि त्याने सांगायला सुरुवात केली.